नॉर्वेच्या क्रूझवर कुठली सहल जहाजाची घ्यावी आणि कुठे आपलं आपण उतरून फिरावं?

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे, बजाजनगरच्या. जूनच्या शेवटी त्या, त्यांचे यजमान आणि मोठ्या जाऊबाई हॅम्बुर्गहून १२ रात्रींच्या क्रूझवर निघताहेत. फ्लोम, ओलेसुन, ट्रॉम्सो, होनिंग्सवोग म्हणजे नॉर्थ केप, गाइरांगर आणि परतताना बर्गन अशी ६ बंदरं. यजमान ६८ वर्षांचे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जाऊबाई शाकाहारी, कांदा-लसूणही चालत नाही. जहाजवाल्यांनी सहाही बंदरांच्या सहलींचा आकडा पाठवलाय तो तिघांचा मिळून पावणेदोन लाख. ताई विचारतात, "एवढे पैसे द्यायचे, की उतरून आपलं आपण फिरायचं? आणि फिरायला गेलो आणि जहाज सुटलं तर?"

ताई, मी २००६ पासून नागपुरातून ग्रुप घेऊन जाते, त्यात नॉर्वेच्या किनाऱ्याला ११ फेऱ्या झाल्या. तुमचा प्रश्न मला दर वर्षी किमान दहा जण विचारतात, आणि बहुतेक जण तो किमतीवरून सोडवायला बघतात. मी तसं करत नाही. बंदराचा नकाशा उघडला की मी सगळ्यात आधी परतीचा रस्ता बघते. जिथून पायी जहाजापर्यंत येता येतं, तिथे जहाजाच्या सहलीला एक रुपया देऊ नये. जिथे परत यायला एकच रस्ता आहे आणि टॅक्सी हात दाखवून मिळत नाही, तिथे जास्तीचे पैसे हसत द्यावेत, कारण ते पैसे सहलीचे नसतात, परतीच्या हमीचे असतात.

ही हमी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. जहाजाच्या सहलीची बस घाटात अडकली, तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला आपल्या खर्चाने पुढच्या बंदरात पोचवते. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. यात कोणाचा दुष्टपणा नाही. बंदराची जागा, जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा पायलट, पुढची भरती-ओहोटी, सगळं वेळेला बांधलेलं असतं. मग विमान, बस, हॉटेल करत पुढचं बंदर गाठायचं आणि तेही नॉर्वेच्या भावात. अशा वेळी कामाला येतो तो पोर्ट एजंट, म्हणजे त्या बंदरावरचा जहाज कंपनीचा माणूस. त्याचं नाव आणि नंबर रोज रात्री खोलीत येणाऱ्या किंवा ॲपवर दिसणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. उतरण्याआधी त्या ओळीचा मोबाईलने फोटो काढायचा. माझ्या ग्रुपमध्ये हा नियम आहे आणि फोटो दाखवल्याशिवाय मी कोणाला गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलावर, सोडत नाही.

दुसरी गोष्ट 'ऑल अबोर्ड'ची. कार्यक्रमपत्रिकेत दोन वेळा असतात: जहाज सुटण्याची आणि सगळ्यांनी आत असण्याची. दुसरी सहसा अर्धा तास आधीची असते, कधी त्याहूनही जास्त. माझ्याच दुसऱ्या फेरीत ओलेसुनला मी, म्हणजे ग्रुपची मॅनेजर, चुकीची ओळ वाचली. पाच वाजताची वेळ डोक्यात घेऊन आम्ही चौघी बंदराकडे निवांत चालत होतो, हातात आइस्क्रीम. कोपऱ्यावरून वळलो तर गँगवेवरचे खलाशी आमच्याकडेच बघत उभे. एकाने घड्याळावर बोट ठेवलं. आत गेलो आणि मागे पूल उचलला. त्या दिवसापासून मी ऑल अबोर्डच्या एक तास आधी बंदराच्या दोनशे पावलांत असते. तुमच्या बाबतीत एक बरं आहे की जर्मनी आणि नॉर्वेचं घड्याळ एकच. इंग्लंडहून निघणाऱ्या जहाजांवर एका तासाचा फरक असतो आणि जहाजाची वेळ धरायची की गावाची, यात लोक गोंधळतात.

आता बंदरं. सोप्यापासून सुरू करते, तुमच्या क्रमाने नाही.

बर्गनला सहल घेऊ नका. जहाज स्कोल्टनच्या धक्क्याला लागलं तर ब्रिगेन हा जुना लाकडी व्यापारी धक्का पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दुसऱ्या धक्क्याला लागलं तर गावात सोडणारी शटल बस असते. ब्रिगेन १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हान्सा या जुन्या काळच्या व्यापारी शहरांच्या संघाचे जर्मन व्यापारी इथे बसून उत्तरेकडून येणारा वाळवलेला कॉड मासा विकत घेत आणि बदल्यात धान्य देत. इतवारीतल्या एखाद्या जुन्या पेढीची कल्पना करा, फक्त इमारती लाकडाच्या, तिरक्या आणि एकमेकींना टेकलेल्या. १७०२ च्या आगीत सगळं जळालं आणि जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभं केलं. आज ६२ इमारती उरल्यात. समोरून फोटो काढून परत फिरू नका, मधल्या बोळांतून आत जा. खरं ब्रिगेन मागच्या बाजूला आहे.

तिथून पाच मिनिटांवर फ्लोयबानेन, १९१८ पासून चालणारी डोंगरावरची दोरखंडाची रेल्वे. ३२० मीटर उंचीवर सहा-सात मिनिटांत पोचवते, वर सपाट जागा आहे, काकांच्या, म्हणजे तुमच्या यजमानांच्या, गुडघ्याला काही त्रास नाही. तिकीट आधी मोबाईलवर काढा, कारण तीन-तीन जहाजं लागलेल्या दिवशी तिकिटाच्या रांगेतच तास जातो. आणि पाऊस! बर्गनला वर्षाकाठी नागपूरच्या दुपटीने पाऊस पडतो, तोही असा भुरभुरत, दिवसातून सहा वेळा. वारा छत्री उलटी करतो. टोपीचा रेनकोट न्या, छत्री घरी राहू द्या.

ओलेसुन तर त्याहून सोपं. जहाज गावाच्या मध्यात लागतं. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री हे लाकडी गाव जळालं, साधारण ८५० घरं गेली, १०,००० लोक उघड्यावर आले, आणि मृत्यू मात्र एकच. नंतरच्या तीन वर्षांत सगळं दगड-विटांचं उभं राहिलं, त्या काळच्या नव्या, वळणदार नक्षीच्या जुगेंड शैलीत. त्यामुळे पूर्ण गाव एकाच हातचं वाटतं. अक्सला टेकडीवर ४१८ पायऱ्या आहेत. तुम्ही आणि जाऊबाई चढणार असाल तर चढा, काकांना टॅक्सीने किंवा गावातल्या छोट्या पर्यटन गाडीने वर पाठवा. तिथे वर एकमेकांना भेटा. बस्, ओलेसुनबद्दल एवढंच.

ट्रॉम्सोला मात्र एक चौकशी आधी करायची: जहाज कुठल्या धक्क्याला लागणार? प्रोस्टनेसेट म्हणजे थेट गावात. ब्रेइविका म्हणजे चारेक किलोमीटर लांब, शटल बसने यायचं, आणि तिचे पैसे बहुतेकदा वेगळे. मोठी जहाजं बरेचदा ब्रेइविकाला जातात. तरीही इथे स्वतः फिरा. पुलापलीकडचं आर्क्टिक कॅथेड्रल १९६५ चं आहे, बर्फाच्या कड्यांसारख्या तिरक्या पांढऱ्या भिंतींचं. आत बसून पूर्वेची रंगीत काच बघा. तिथूनच थोड्या अंतरावर फ्येलहायसेन ही केबल कार, चार मिनिटांत ४२१ मीटर. तिच्या शेजारून बाराशेच्या वर दगडी पायऱ्यांची वाट जाते, आणि ती बांधली कोणी? नेपाळहून आलेल्या शेर्पांनी. तिचं नावच शेर्पाट्राप्पा, शेर्पांच्या पायऱ्या. माझ्या ग्रुपमध्ये ही गोष्ट सांगितली की सगळे आधी हसतात आणि मग त्या पायऱ्यांकडे बघत राहतात. काकांनी केबल कारनेच जायचं, हे सांगायला नको.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण प्रत्येक बैठकीत तो निघतोच. "ट्रॉम्सोला जातोय म्हणजे नॉर्दर्न लाइट्स दिसतील ना?" नाही दिसणार. त्यासाठी अंधार लागतो, आणि ट्रॉम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. लाइट्स सप्टेंबर ते मार्च. तुम्ही बघणार तो मध्यरात्रीचा सूर्य. हे दोन्ही एकाच सहलीत दाखवतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्याकडचा चहा पिऊन घरी या.

आता फ्लोम. इथे माझा नियम थोडा वाकतो, म्हणून सविस्तर सांगते.

फ्लोम हे जेमतेम काही शे वस्तीचं गाव. ते सोन्ये फ्योर्डच्या एका फाट्याच्या टोकाला आहे. फ्योर्ड म्हणजे उंच डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. सोन्ये फ्योर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि सगळ्यात खोल जागी १,३०० मीटरहून जास्त. जहाज रात्रभर त्यात आत-आत शिरत असतं. धक्क्यापासून रेल्वे स्टेशन चालत पाच मिनिटं. ही फ्लोम रेल्वे २० किलोमीटरची, समुद्रसपाटीपासून म्यूर्डालच्या ८६० मीटरपर्यंत चढते, चढ इतका की दर १८ मीटरला १ मीटर. २० बोगदे, त्यातले १८ हातांनी खोदलेले. १९२० च्या दशकात काम सुरू झालं आणि १९४० मध्ये गाडी धावली. आपल्याकडे कसाऱ्याचा घाट बघितलेल्या माणसाला या आकड्यांची किंमत कळते. वाटेत च्योसफोसन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते. उन्हाळ्यात तिथे लाल कपड्यांतली एक बाई संगीतावर नाचते, ती त्यांच्या लोककथेतली 'हुल्द्रा', जंगलात भुरळ घालणारी. आपली हडळ म्हणा हवं तर, पण जास्त सुंदर. काही लोकांना तो प्रकार नाटकी वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. धबधब्याच्या तुषारांनी चष्मा भिजला की नाटकी वगैरे काही आठवत नाही.

जाऊन-येऊन दोन तास. जहाजाच्या सहलीत हेच तिकीट चांगल्यापैकी जास्त भावात मिळतं. स्टेशन समोर दिसतं, मग स्वतः का काढू नये? काढा. पण माझी चूक करू नका. एका वर्षी मी १४ जणांची सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एकीची तिकिटं महिनाभर आधी काढून ठेवली, स्वतःवर खूष होते. त्या सकाळी धुकं होतं आणि जहाज दीड तास उशिरा लागलं. आम्ही डेकवरून आमची गाडी डोंगर चढताना बघितली. पैसे गेले. पुढच्या सगळ्या गाड्या भरलेल्या, कारण दोन जहाजांचे लोक होते. जहाजाची सहल घेतलेल्यांना मात्र त्यांच्यासाठी राखलेल्या डब्यांत नंतर बसवलं. तेव्हापासून जहाज लागण्याच्या छापील वेळेनंतर किमान दोन-अडीच तासांनी सुटणारी आणि ऑल अबोर्डच्या किमान दोन तास आधी परत येणारी, अशीच गाडी मी निवडते. अशी गाडी उपलब्ध नसेल तरच जहाजाची सहल.

मधल्या वेळात स्टेगास्टाइनला जाणारी मिनीबस घेता येते. फ्योर्डच्या ६५० मीटर वर डोंगरातून ३० मीटर पुढे काढलेला लाकडी सज्जा आहे, टोकाला फक्त काच. जाऊन-येऊन दीड तास. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी मागेच थांबावं, दृश्य मागूनही तेवढंच आहे. मात्र दोन्ही एका दिवशी करायचा हट्ट धरू नका. काकांसाठी रेल्वे पुरे.

गाइरांगरला मी तुम्हाला जहाजाची सहल घ्यायला सांगणार आहे, आणि कारण टेंडर आहे. तिथे जहाज बरेचदा फ्योर्डमध्ये नांगर टाकून उभं राहतं आणि जीवरक्षक बोटींतून, म्हणजे टेंडरमधून, लोकांना किनाऱ्यावर नेतात. गावात एक तरंगता पूलही आहे, जो घडी उघडून जहाजापर्यंत येतो, पण तो एका वेळी एकाच जहाजाला मिळतो. टेंडर असेल तर टोकन घ्यावं लागतं, आणि जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. बाकीच्यांनी थिएटरमध्ये नंबर येईपर्यंत बसायचं. दीड-दोन तास सहज जातात. बोट आणि जहाज यांच्यामधलं पाऊल लाटेवर वर-खाली होतं. दोन खलाशी दंडाला धरून उतरवतात, घाबरण्यासारखं काही नसतं, पण काकांनी काठी असेल तर ती खलाशाच्या हातात द्यावी आणि मगच पाऊल टाकावं.

गाव अडीचशे वस्तीचं. चढ घेतलेला एकच रस्ता. वरच्या जागा तीन: ओर्नेस्विंगेन, म्हणजे गरुडवळण, जिथे ११ नागमोडी वळणांचा घाट संपतो. फ्लिदाल्सयुवे, जिथून कॅलेंडरवरचा तो नेहमीचा फोटो निघतो. आणि दाल्सनिबा, जवळपास १,५०० मीटर उंच, जिथे जूनअखेरीला रस्त्याच्या कडेला माणसापेक्षा उंच बर्फ असू शकतो. जहाजाच्या सहलींत या तीनपैकी दोन जोडून देतात. दाल्सनिबा असलेली घ्या. ग्रुपमधल्या तरुण मंडळींना मी धबधब्याशेजारच्या ३२७ पायऱ्यांच्या वाटेने सोडते, तुम्ही मात्र बसमध्येच बसा.

पण गाइरांगरची सगळ्यात मोठी सहल फुकट असते आणि निम्मे लोक ती झोपेत घालवतात. जहाज पहाटे फ्योर्डच्या तोंडाशी येतं आणि शेवटचे १५ किलोमीटर अगदी हळू कापतं. दोन्ही बाजूंना सरळ कडे. एका बाजूला सात बहिणींचा धबधबा, समोरच्या कड्यावर 'फ्रिआरेन', म्हणजे मागणी घालायला आलेला. कथा अशी की त्याने सातही जणींना विचारलं आणि सातही जणींनी नकार दिला. जूनअखेरीला वरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळे सातही बहिणी भरून असतात. ऑगस्टमध्ये त्यातल्या दोन-तीन दिसेनाशा होतात. कड्यांवर अर्ध्यात सोडून दिलेली शेतघरं दिसतात. त्यांतल्या स्कागेफ्लोची गोष्ट सगळे गाईड सांगतात: करवसुली करणारा येताना दिसला की मालक वर येण्याची शिडी ओढून घेई. ही गोष्ट मी सांगितली की आमच्या ग्रुपमधले निवृत्त विक्रीकर अधिकारी सगळ्यांत मोठ्याने हसले होते. तर आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेत फ्योर्डमध्ये शिरण्याची वेळ बघा, त्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावा, आणि खोलीची बाल्कनी असली तरी वरच्या डेकवर जा. बाल्कनीतून एकच बाजू दिसते.

१ जानेवारी २०२६ पासून या वारसा फ्योर्डमध्ये १०,००० टनांखालच्या प्रवासी जहाजांना शून्य-उत्सर्जन असणं बंधनकारक झालंय. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. नंतर मोठी जहाजं आत येतील की बाहेरूनच वळतील हे तेव्हाच कळेल, म्हणून ज्यांना मोठ्या जहाजाच्या डेकवरून गाइरांगर बघायचंय त्यांनी फार वर्षं पुढे ढकलू नये.

आणि शेवटी नॉर्थ केप, ज्यासाठी तुम्ही इतक्या वर जाताय. जहाजाचीच सहल घ्या, डोळे मिटून. होनिंग्सवोगच्या धक्क्यापासून ३४ किलोमीटर, पाऊण तास, एकच रस्ता, आणि माग्योया बेटावर झाड औषधालाही नाही. उन्हाळ्यात सामी या तिथल्या मूळ रहिवाशांचे रेनडियर रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि बस थांबते. धुकं उतरलं तर ड्रायव्हर बैलगाडीच्या वेगाने चालवतो, आणि तसंच चालवायला हवं. धक्क्याजवळ स्थानिक बसचीही तिकिटं मिळतात, जहाजापेक्षा स्वस्त. तरुण जोडप्यांना मी त्या घ्यायला सांगते. तिघांत एक दुखरा गुडघा असताना मी सांगणार नाही.

तिथे पोचल्यावर काय आहे? ३०७ मीटरचा काळा कडा, लोखंडी पृथ्वीगोल, आणि पुढे फक्त पाणी. अक्षांश ७१ अंश १० मिनिटं. आपल्या नागपूरचा अक्षांश २१ अंश ९ मिनिटं. म्हणजे झीरो माईलच्या खांबापासून बरोबर ५० अंश उत्तरेला. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर साडेपाच हजार किलोमीटर वर. हा हिशेब मी बसमध्ये सांगते आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, पन्नास अंश तर आपल्याकडे मे महिन्यात असतातच." असो. काटेकोर लोकांसाठी सांगते, शेजारचं क्निव्शेलोडन हे टोक केपपेक्षा किंचित उत्तरेला आहे, आणि दोन्ही टोकं बेटावर असल्याने युरोपच्या मुख्य भूमीचं टोक वेगळंच. फोटोला त्याने काही फरक पडत नाही.

केपवरच्या इमारतीत खाली एक छोटं थाई संग्रहालय आहे, ते बघायला विसरू नका. सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये इथे आले होते. त्या काळी हा रस्ताही नव्हता, पर्यटक बोटीने यायचे आणि कडा पायी चढायचे. १८७५ मध्ये थॉमस कुकने इथे पर्यटकांची पहिली तुकडी आणली, म्हणजे आमच्या धंद्याची या कड्याशी ओळख तशी जुनी.

काही जहाजं इथे संध्याकाळी लागून मध्यरात्रीच्या सूर्याची सहल देतात. तुमच्या जहाजाचं वेळापत्रक तसं असेल तर रात्रीचीच घ्या. केपवर साधारण १४ मे ते २९ जुलै सूर्य क्षितिजाखाली जात नाही. ढग आले तर दिसणार नाही आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच मनाशी ठरवा. माझ्या ११ फेऱ्यांपैकी तो मला लख्ख दिसला चार वेळा. बाकी वेळा आम्ही धुक्यात लोखंडी गोल शोधत फिरलो. मात्र वाऱ्यामुळे जहाज बंदरालाच लागलं नाही, तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत येतात. बाहेरून घेतलेल्या सहलीचे येतील की नाही, हे ज्याच्या-त्याच्या अटींवर.

जाऊबाईंच्या जेवणाचं. जहाजावर काळजी नाही, फक्त बुकिंग करणाऱ्याला दोन-तीन महिने आधी लेखी कळवायला सांगा, "जैन जेवण" हा शब्द वापरून. "नो अनियन नो गार्लिक" म्हटलं की अर्थ प्रत्येक आचारी वेगळा लावतो, जैन म्हटलं की त्यांच्याकडे पद्धत ठरलेली असते. पहिल्या रात्री मुख्य वेटरशी ओळख करून घ्या, तो पुढच्या दिवसाचं आदल्या रात्री विचारून ठेवतो. बंदरावर मात्र हाल. बर्गनला दालचिनीचा गोल पाव मिळतो, बाकी ठिकाणी वाफल आणि जॅम, आणि नॉर्वेचं तपकिरी चीज. ते चीज करताना उरलेली निवळी आटवून करतात, चव खरपूस भाजलेल्या खव्याच्या जवळ जाते. सूपचा वाडगा दीड-दोन हजार रुपयांना पडतो, तेव्हा नाश्ता जहाजावर दाबून करा आणि दुपारी परत येऊनच जेवा. पर्समध्ये बंद पाकिटातला चिवडा, खाकरा चालतो. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यावर मात्र बंदी आहे, त्यामुळे संत्रा बर्फीचा डबा इथेच राहू द्या. मला माहीत आहे, अवघड आहे.

एकदा इतवारीच्या एक जैन मावशी ग्रुपमध्ये होत्या, चौविहार पाळणाऱ्या. सूर्य मावळल्यावर काही खायचं नाही. ट्रॉम्सोच्या संध्याकाळी त्यांनी गंभीरपणे विचारलं, "इथे सूर्य मावळतच नाही, मग जेवण थांबवायचं कधी?" शेवटी त्यांनीच तोडगा काढला. नागपूरला त्या दिवशी सूर्यास्त किती वाजता, ते बघून जहाजाच्या घड्याळात तेवढे वाजले की ताट बाजूला. अख्खं जहाज रात्री नऊ वाजता उन्हात आइस्क्रीम खात होतं आणि मावशी शांतपणे समुद्र बघत बसल्या होत्या.

गरम कपडे आत्ताच काढा. केपवर जूनमध्येही पाच ते दहा अंश, वर वारा. एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ थर चढवा: आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. टोपी आणि हातमोजे विसरू नका, मे महिन्यात नागपुरात कानटोपी मागितली तर दुकानदार आपल्या तब्येतीची चौकशी करतो. पैसे बदलून नेण्याची गरज जवळपास नाही, नॉर्वेत सार्वजनिक शौचालयालाही कार्ड चालतं. तिथलं चलन क्रोन, त्याचा रुपयातला भाव निघण्याआधी बघून घ्या. समुद्रात असताना मोबाईल विमान मोडवर, नाहीतर जहाजाच्या उपग्रह नेटवर्कचं बिल घरी पोचल्यावर कळेल.

व्हिसा तुमच्या मार्गाला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, पुरतो. पण कंपनीने मधे एखादं स्कॉटलंडचं बंदर घातलं तर ब्रिटनचा वेगळा लागेल, आणि स्वालबार्ड ही नॉर्वेची अगदी उत्तरेकडची बेटं शेंगेनच्या बाहेर असल्याने तिथे जाऊन परतायचं तर दोन प्रवेशांचा हवा. तिकिटावरची बंदरांची यादी पुन्हा एकदा नीट वाचा.

तुमचा हिशेब असा होतो: जहाजाच्या सहली दोन, गाइरांगर आणि नॉर्थ केप. फ्लोमची रेल्वे, ट्रॉम्सोची केबल कार आणि बर्गनची फ्लोयबानेन स्वतः काढायची. ओलेसुनला फक्त काकांची टॅक्सी. तिघांचं मिळून लाख ते सव्वा लाखाच्या घरात जाईल. जहाजाच्या दोन सहली आत्ताच बुक करा, ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करता येतात. गाइरांगरची आधी, कारण दाल्सनिबाच्या जागा लवकर संपतात. आणि फ्लोमच्या तिकिटांना हात लावण्याआधी जहाज तिथे किती वाजता लागतं ते मला कळवा, गाडी मी सांगते.